मरकागुड्याची न चाललेली गाडी

गाडी विकत घ्यायला गोंडपिपरीहून माणूस येणार आहे, ही बातमी लालसूला बायकोनं सांगितली. तिला ती नाल्यावर बायकांकडून कळली होती. म्हणजे ड्रायव्हर सोडून सगळ्या मरकागुड्याला आधीच ठाऊक होतं. लालसू त्या वेळी गाडीखाली उताणा पडून स्प्रिंगच्या पाट्यांना जळकं ऑइल लावत होता. रुखमाचे पाय तेवढे त्याला दिसत होते. ते बराच वेळ तिथंच उभे राहिले तेव्हा तो म्हणाला, "ऐकलं."

"मग बाहेर ये ना."

"एक पाटा राहिलाय."

एका पाट्याला इतका वेळ लागत नाही, हे रुखमालाही कळत होतं. ती गेल्यावरही लालसू तसाच पडून होता. वर इंजिनाचं पोट, दोन्ही बाजूंना चाकं. या गाडीचा एकही नट असा नव्हता, ज्याला त्याचा हात लागला नव्हता. ही गाडी जाणार, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत होतं आणि त्याला पुढचं वाक्य सापडत नव्हतं.

गाडी म्हणजे एक छोटी पिकअप होती. पुढून मोटारीसारखी, मागे सामानाला डाला, उंचीनं जीपपेक्षा बुटकी. गावच्या जंगल कामगारांच्या सोसायटीनं मागितली होती साधी, पांढरी. नागपूरच्या दुकानात तशी शिल्लक नव्हती. होती ती येणाऱ्याजाणाऱ्यांचे डोळे दिपवायला सजवून ठेवलेली: लालभडक, दोन्ही अंगांना पांढरे पट्टे, केबिनच्या मागे जाड नळीची कमान आणि कमानीवर दोन पिवळे दिवे. अनुदानाची मुदत संपत आलेली, म्हणून सोसायटीचे सचिव देवरावबाबू तीच घेऊन आले. शहरातल्या शौकीन पोरांसाठी केलेली गाडी अशी सत्त्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलात येऊन उभी राहिली. सगळं गाव भोवती जमलं. म्हाताऱ्या सोमारीनं बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच काढला. "हिला ताप आहे," ती म्हणाली. "निजू द्या हिला."

त्या गाडीला ड्रायव्हर म्हणून लालसू आयताच मिळाला. वयाच्या विशीत तो लाकडाच्या ठेकेदाराकडे ट्रकवर क्लीनर म्हणून लागला होता. आलापल्लीहून बल्लारशाच्या डेपोपर्यंत सागाचे लठ्ठे वाहायचे, चढावर ट्रकच्या मागे मागे पळत चाकाला ओंडका लावायचा, हे त्याचं काम. ट्रक चालवणारे उस्ताद कमी बोलणारे होते. त्यांनी शिकवलं असं काही नाही. पण ट्रक बिघडला की ते बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटून उभे राहायचे. लालसूही शेजारी डोळे मिटून उभा राहू लागला. असं करता करता त्याला इंजिनाची बोली कळायला लागली. कुठला आवाज नुसती कुरकुर आहे आणि कुठला खरं दुखणं, हे त्याला घाटातल्या रस्त्यानं शिकवलं.

लायसन काढायला तो चंद्रपूरला गेला, तेव्हाची गोष्ट देवरावबाबू अजून रंगवून सांगायचे. साहेबांनी त्याला खुणांचे फलक दाखवले. भोंग्यावर आडवी रेघ मारलेला फलक दाखवून विचारलं, "हे काय?" लालसूनं जन्मात तसला फलक पाहिला नव्हता. तो जरा थांबून म्हणाला, "इथी कोनी बिमार असन साहेब." साहेब हसले आणि पुढच्या फलकाकडे वळले. गाडी मागं घेताना मात्र लालसूनं ती अशी वळवली, की साहेबांनी मान वळवून चाकं पाहिली आणि सही केली.

एवढा ड्रायव्हर आणि एवढी गाडी. पण दोन वर्षांत ती फारशी चाललीच नाही.

याचं कारण ना गाडीत होतं ना ड्रायव्हरमध्ये. मरकागुड्यात जी वस्तू सगळ्यांची, तिला हात लावायचा तर गोटुलात बसून सगळ्यांना विचारायचं, ही रीत होती. गोटुल म्हणजे गावाच्या मधोमध असलेली, चारी बाजूंनी उघडी मोठी छपरी. तिथं घराघरातलं माणूस येतं, एकेकाला विचारलं जातं. हो म्हणायला कारण लागत नाही. नाही म्हणायला लागतं. आणि एकजण जरी नाही म्हणाला, तरी ते कारण बाकीच्यांच्या डोक्यात उतरेपर्यंत किंवा त्याच्या डोक्यातून निघेपर्यंत कोणी उठायचं नाही. तळ्यातले मासे असोत, नवी जमीन फोडायची असो, पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं आणि त्यामुळे गावात कधी भांडण कोर्टापर्यंत गेलं नव्हतं. गाडी सगळ्यांची होती. साहजिकच गाडीच्या प्रत्येक फेरीला गोटुल बसायचं.

पहिल्या वर्षी हिरडा आलापल्लीला न्यायचं ठरलं. सगळे हो म्हणाले, पण चैतू सासुरवाडीला गेला होता. त्याला विचारायला माणूस पाठवला. माणूस तिकडे लग्नात अडकला. दोघं परत आले, तोवर व्यापाऱ्यानं बैलगाड्या आणून, नेहमीप्रमाणे स्वतःच ठरवलेल्या दरानं, हिरडा उचलूनही नेला होता. दुसऱ्या खेपेला सगळे गावात होते, तर ड्रायव्हरच्या शेजारी पुढे कोण बसणार यावर दिवस गेला. पेरमा, म्हणजे गावाचे पुजारी वारलू, म्हणाले, "मी पायी जाईन, पण यावर भांडू नका." तर त्यांना पायी कसं जाऊ द्यायचं यावर उरलेला दिवस गेला.

दुखण्याला तेवढं विचारायचं नव्हतं. कोणी आजारी पडलं की लालसू किल्ली घेऊन धावायचा आणि हेमलकशाच्या दवाखान्यापर्यंत गाडी न्यायचा. मीटरवर जे काही आकडे होते ते बहुतेक त्या फेऱ्यांचे.

बाकीचे दिवस गाडी वारलूंच्या मांडवाशेजारच्या छपरीत उभी असायची. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे लालसूला कोणी सांगायची गरज नव्हती. वाळवी टायरपर्यंत पोचू नये म्हणून त्यानं चाकांखाली सपाट दगड बसवले होते. धुरांड्याच्या नळीत गांधीलमाश्या घर करतात, म्हणून तिथं पानांचा बोळा. वायरी उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून त्यांच्यावर कडू तेलाचा हात. रोज सकाळी रानातून आला की तो बोळा काढायचा, इंजिन सुरू करायचा, गाडी हातभर पुढे आणि हातभर मागे घ्यायचा, म्हणजे टायर एकाच बाजूवर बसून राहत नाहीत. मग इंजिन बंद करून, स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसायचा. गावातली माणसं म्हणायची, लालसू गाडीला शेणपाणी करतोय.

वरच्या ऑफिसातून तपासणीला आलेल्या साहेबांना मात्र गाडी उभी दिसली आणि मीटर दिसलं. वापर नाही तर विकून टाका आणि रक्कम सोसायटीत भरा, असं ते देवरावबाबूंना सांगून गेले. देवरावबाबूंनाही ते पटलं होतं. ते वाईट माणूस नव्हते. गोंडपिपरीकडच्या एका बौद्ध शेतमजुराचा मुलगा, मॅट्रिक होऊन या रानात नोकरीला आला आणि इथंच रमला. पण दोन वर्षं प्रत्येक फेरीला गोटुलात बसून त्यांची कंबर धरली होती.

गिऱ्हाईक त्यांच्याच ओळखीचं होतं. खुशाल उराडे. गोंडपिपरीत मंडप डेकोरेशन आणि लाउडस्पीकरचा धंदा. माणूस जाडजूड, हसरा, रंगीत शर्टांचा शौकीन. गाडी पसंत पडली तर तीच घेऊन परत जायचं, म्हणून तो एस.टी.नं येणार होता.

त्या सकाळी रुखमानं लालसूला अंबील दिली आणि बाजूला बसून हळूच म्हणाली, "एखादी तार ढिली केली तर?"

लालसू पीत राहिला.

"कोणाला कळणार नाही," ती म्हणाली. "तो पाहील, सुरू होत नाही म्हणेल, जाईल."

"मला कळेल ना."

"तुलाच तर कळायला पाहिजे. दुसऱ्याला नाही."

"रुखमा, तिला मी रोज उठवतो. एक दिवसही तिनं नखरा केला नाही. आज मीच तिचं तोंड दाबू?"

रुखमानं भांडं उचललं. "बायकोला कधी एवढं बोलला नाहीस," ती म्हणाली आणि आत गेली. तिला हसू आलं होतं, पण ते तिनं दाखवलं नाही.

लालसूनं गाडी नाल्यावर नेऊन धुतली. पांढरे पट्टे राखेनं घासले. पाहुण्याला आणायची ही फेरी गोटुलात आधीच विचारून झाली होती. देवरावबाबूंना घेऊन तो आलापल्लीच्या स्टँडवर जाऊन उभा राहिला.

खुशाल उतरला तो गाडी पाहून थांबलाच. भोवती एक फेरी मारली, कमानीला हात लावला, पिवळ्या दिव्यांवर टिचकी मारली. आत बसल्याबरोबर त्यानं मीटर वाचलं आणि देवरावबाबूंकडे पाहिलं.

"देवरावभाऊ, मले काय येडा समजता? मीटर फिरवलं तुमी."

"कोन फिरवन बाबा इथी?" देवरावबाबू म्हणाले. "आमच्या गावात घड्याळ फिरवाले मानूस नाई."

"मंग एवढी कमी चालली कशी?"

"चालतच नाई न. म्हनून त विकून राह्यलो."

लालसूनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. खुशालनं कान दिला, मग देवरावबाबूंकडे वळून पाहिलं. "हे चालत नाई म्हनता?"

"तसं नाई रे. वापरात नाई."

"इथी ठेवूनच काऊन राह्यले मंग? दोन साल आधी सांगाचं न मले."

रस्ता मुरमाचा, पुढे पुढे तोही संपून नुसत्या चाकोऱ्या. लालसू गाडी अशी नेत होता, की मागं डाल्यात ठेवलेली पाण्याची कळशी सांडत नव्हती. खुशालनं क्लचच्या रबराकडे पाहिलं, दार उघडून लावून पाहिलं, मागं डोकावून नाल्याच्या वाळूत चाकं कशी निघतात ते पाहिलं. हळूहळू त्याचं गाडीकडे पाहणं थांबलं आणि तो लालसूच्या हातांकडे पाहू लागला.

"लग्नात ही पुढं," तो म्हणाला. "कमानीवर भोंगे बांधले, दोनी दिवे चालू, नवरदेव आतमंधी. गोंडपिपरीपासून आष्टीपर्यंत दुसरा मंडपवाला माह्यासमोर उभा नाई राहनार." मग लालसूकडे वळून, "तू काऊन नाई येत गाडीसंगं? मले ड्रायवर लागनच. राहाले खोली देतो. महिन्याचा महिना पगार. गाडीही तुह्याच हाती राहीन."

लालसूनं गियर बदलला.

इतके दिवस त्याला वाटत होतं की गाडी गेली तर आपण पुन्हा ठेकेदाराच्या ट्रकमागे ओंडका घेऊन पळणार. आता तसं राहिलं नव्हतं. गाडी जाईल आणि तोही तिच्याबरोबर जाईल. रोज डांबरी रस्ता, रोज काम. नाही म्हणायला त्याच्यापाशी काही उरलंच नव्हतं. तरी त्याच्या छातीवरचं ओझं हललं नाही, आणि याचंच त्याला नवल वाटलं.

गोटुल दुपारी बसलं. मोह वेचून माणसं परतली होती, अंगणाअंगणात फुलं वाळत घातली होती आणि सगळ्या गावाला त्यांचा गोड, जड वास होता. गोटुलाशेजारच्या आंब्याला कैऱ्या लगडल्या होत्या. पाहुण्याला खाटेवर बसवलं, पुढं पाणी ठेवलं. बोलणं माडिया भाषेत होतं, देवरावबाबू खुशालच्या कानात मराठी करत होते.

देवरावबाबूंनी गाडीचं सांगितलं. उभी राहून गंजण्यापेक्षा चांगल्या माणसाकडे गेलेली बरी. आलेल्या रकमेतून सोसायटी मोहाची कोठी बांधेल. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. एकेकाला विचारलं गेलं. जंगू हो म्हणाला. चैतू हो म्हणाला, आणि पुढे म्हणाला, "यंदा मी सासुरवाडीला गेलो नाही हे लिहून घ्या." माणसं हसली. लच्छू हो म्हणाला. सोमारीला विचारलं तर ती म्हणाली, "हिचा ताप दोन वर्षांत उतरला नाही. जाऊ दे." खुशालच्या कानात ते गेल्यावर तोही हसला. त्यानं शर्टाची कॉलर नीट केली. त्याच्या मनात गाडी गोंडपिपरीच्या चौकात पोचली होती.

वारलूंनी विचारत विचारत वर्तुळ पूर्ण केलं. शेवटी ते लालसूपाशी आले. लालसू नेहमी खांबाला टेकून शेवटी बसायचा. इतक्या वर्षांत त्यानं गोटुलात 'हो' याशिवाय शब्द काढला नव्हता. वारलूंनी त्याच्याकडे पाहिलं तेही पुढच्या कामाला उठायच्या तयारीनंच.

"नाही," लालसू म्हणाला.

वारलू परत खाली बसले. देवरावबाबूंनी डोळे मिटून घेतले.

"कारण?" वारलू म्हणाले.

लालसूनं खांबाची टेक सोडली. "मला कामाची भीती नाही," तो म्हणाला. "या पाहुण्यानं मला बरोबर बोलावलंय. पगार, खोली, सगळं. गाडी माझ्याच हातात राहील. म्हणून हे मी माझ्यासाठी म्हणत नाही. आधी म्हटलं असतं तर माझ्यासाठी झालं असतं."

रुखमा बायकांच्या बाजूला बसली होती. हे तिला नवीन होतं. तिनं मान वर केली.

"मग कारण काय?"

"तुम्ही सगळे म्हणता, गाडी चालत नाही. मी तिला रोज विचारतो, ती रोज हो म्हणते. या गावात पहिल्या दमात हो म्हणणारी ती एकटीच आहे."

कोणीतरी हसलं, मग सगळं गोटुल हसलं, देवरावबाबू सगळ्यांत मोठ्यानं. हसणं ओसरलं. लालसू पुढे म्हणाला, "तिचा दोष असता तर मीच म्हटलं असतं, विका. तिचा दोष नाही. आपण तिला काम सांगितलं नाही आणि बसून खाते म्हणून घराबाहेर काढतोय. सून असती तर असं केलं असतं का?"

जंगू म्हणाला, "पण लालसू, विचारल्याशिवाय कशी चालवणार? सगळ्यांची आहे."

"विचारू नका असं मी म्हणत नाही."

"मग विचारायचं तर वेळ लागणार."

"लागणार."

"मग?"

"मला माहीत नाही," लालसू म्हणाला. "माझं कारण एवढंच होतं. पुढचं तुम्ही सांगा."

ऊन कलायला लागलं. खुशालनं देवरावबाबूंना विचारलं, "काय होऊन राह्यलं हे?"

"एक मानूस नाई म्हनला."

"एकच न? बाकी सगळे त हो म्हनले."

"इथी एकच पुरते, खुशाल. पानी पे."

कोणी तंबाखू मळली, कोणी उठून गुरांना हाकून आलं आणि परत बसलं. एकानं सुचवलं, आठवड्यातून एक दिवस ठरवू. दुसरा म्हणाला, त्याच दिवशी पाऊस आला तर? एकानं सुचवलं, पाच माणसं नेमू, ती ठरवतील. तेही कोणाला पटेना, कारण पाचांनी ठरवलं तर मग गाडी पाचांची झाली.

सोमारी मघापासून आंब्याच्या झाडाकडे बघत होती. "या कैऱ्या कोणाच्या?" तिनं विचारलं.

"कोणाच्या म्हणजे? गावाच्या," चैतू म्हणाला.

"कोणी खाल्ली का एक तरी?"

"पंडुम झाला नाही अजून."

मरकागुड्यात नवं फळ, नवं फूल, नवं धान्य असं उगाच तोंडात घालत नाहीत. आधी पंडुम होतो. सगळं गाव जमतं, पेरमा ते पहिलं फळ देवाला देतो, मग सगळे एकदम खातात. त्याआधी झाड लगडून वाकलं तरी पोरंसुद्धा हात लावत नाहीत.

"आणि पंडुम झाल्यावर?" सोमारी म्हणाली. "एकेका आंब्याला गोटुल बसवता का?"

सोमारी आपली झाडाकडे पाहून बोलत होती, जणू स्वतःशीच. "एकदा सगळ्यांनी मिळून उघडायचं. मग ज्याला भूक असेल त्यानं तोडायचं. पोट भरण्यापुरतं तोडायचं, फांदी मोडायची नाही. पुढच्या साली पुन्हा बंद, पुन्हा उघडायचं. दोन वर्षं झाली गाडी आणून, आणि आपण हिचा पंडुमच केला नाही. न उघडलेल्या झाडाचा एकेक आंबा विचारून तोडत बसलो. म्हणून हिचा ताप उतरत नाही."

वारलूंनी हातातली तंबाखू खाली ठेवली. ते सोमारीपेक्षा वयानं लहान होते. "काकी," ते म्हणाले, "हे मला सुचायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

"तुझीच आहे," सोमारी म्हणाली.

मग पुन्हा एकेकाला विचारलं गेलं, कारण हेही विचारायलाच हवं होतं. जंगू हो म्हणाला. चैतू हो म्हणाला. या वेळी लालसूपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. तो हो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक झाला, की वारलूंनी पुन्हा विचारलं.

देवरावबाबू डोकं खाजवत होते. "पण वरच्या ऑफिसले मी काय सांगू?"

वारलू म्हणाले, "सांगा, गाडी विकायला एक माणूस अजून हो म्हणायचा आहे."

गाडी गोटुलासमोर आणली. वारलूंनी बॉनेटवर तांदळाचे दाणे ठेवले, मोहाची वाळलेली फुलं ठेवली, पानाच्या द्रोणातून मोहाची दारू चारी चाकांवर थेंब थेंब शिंपडली आणि ओठांतल्या ओठांत बराच वेळ बोलले. एक अंडं पुढच्या चाकासमोर ठेवलं. मग त्यांनी लालसूला बसायला सांगितलं. चाक अंड्यावरून गेलं, अंडं फुटलं आणि लोकांनी एकच आवाज केला. गाडी उघडली.

"आजपासून विचारायचं नाही," वारलू लालसूला म्हणाले. "कोणी मोह नेतो म्हटलं, धान नेतो म्हटलं, तू पाहायचं आणि न्यायचं. पुढच्या पंडुमाला सगळ्यांसमोर सांगायचं, काय काय नेलं. मधे विचारायला आलास तर तुला दंड."

"काय दंड?" चैतूनं विचारलं. त्याला अशा गोष्टीत रस असायचा.

"त्यानं पायी चालायचं," सोमारी म्हणाली.

घरोघरचा वाळलेला मोह पोत्यांत भरला गेला. डाला लहान होता, त्यामुळे पोती कमानीपर्यंत पोचली. आलापल्लीच्या बाजारात मोह घेऊन उतरणारं मरकागुडा हे त्या वर्षी पहिलं गाव ठरणार होतं. पाहुण्याला परत पोचवायला गाडी नाहीतरी जाणारच होती. देवरावबाबू मागे राहिले. त्यांना हे सगळं वरच्या ऑफिसला कळेल अशा भाषेत लिहायचं होतं आणि ती भाषा त्यांना अजून सुचत नव्हती.

खुशाल पुढे बसला. गाडी गावाबाहेर पडली. मग त्यानं मागच्या पोत्यांकडे पाहिलं, स्वतःच्या रंगीत शर्टाकडे पाहिलं.

"गाडी घ्याले आलो होतो," तो म्हणाला, "मोहाच्या पोत्यांसंगं सवारी होऊन चाललो. बायकोले काय सांगू?"

"सांगा, गाडी चांगली होती," लालसू म्हणाला.

"लय चांगली होती न बाप्पा. म्हनून त दुखते." थोड्या वेळानं तो म्हणाला, "आनि तू खरंच नाई येत?"

"नाई भाऊ."

"मले वाटलंच. सकाळी नाल्यात तू गाडी काढली न, तवाच समजलं होतं." तो खिडकीबाहेर पाहू लागला. सागाची पानं गळालेली, रान आरपार दिसत होतं, उन्हाचे पट्टे चाकोऱ्यांवर आडवे पडले होते. "एक काम करशीन? थोडी मले चालवू देशीन? डांबरी येवस्तोर. विकत नाई देल्ली त नाई, हात त लागू दे."

विचारून सांगतो, हे लालसूच्या जिभेवर आलंच होतं. दोन वर्षांची सवय होती. त्याचा पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली. त्यानं आरशात मागं पाहिलं. मागं पोती होती, पोत्यांच्या वर झाडं होती, गाव केव्हाच दिसेनासं झालं होतं. विचारायला कोणी नव्हतं, आणि विचारायचंही नव्हतं.

तो उतरला, पुढून वळसा घालून आला आणि पलीकडचं दार उघडून उभा राहिला.

"सरका तिकडं," तो म्हणाला.

खुशालला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यानं स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरलं, जसं कोणी नवी पगडी डोक्यावर ठेवतं. गाडी हलली. लालसू त्या बाजूला आजवर कधी बसला नव्हता. इकडून इंजिनाचा आवाज वेगळा येत होता, जरा मोकळा, जरा लांबचा. त्यानं खिडकीवर कोपर ठेवलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"खुशालभाऊ," थोड्या वेळानं तो म्हणाला, "दुसरा गियर थोडा दमानं. वजन हाये मागं."